पोरं चाकणला जातात, पगार वाढवता येत नाही. मग काय करायचं?

प्रश्न: "कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. आठ सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ), तीन व्हीएमसी (तशीच उभी मिलिंग मशीनं), दोन पाळ्या, माणसं सव्वीस. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे पार्ट करतो. ऑपरेटरच्या हातात साडेसोळा हजार पडतात. गेल्या दिवाळीपासून सात पोरं सोडून गेली. पाच चाकणला, एक शिरवळला, एकानं गावाकडं बेदाण्याचं शेड टाकलं. शिकवून तयार केलं की जातात. गिऱ्हाइकं बिलं तीन-तीन महिने अडकवतात, त्यामुळं सरसकट पगारवाढ यंदा जमणार नाही. 'महिन्याचा उत्कृष्ट कामगार' सुरू केला, चार महिन्यांत त्याची चेष्टा झाली. दिवाळीला ब्लँकेटं दिली, तर म्हणे 'थंडी मालकाला वाजते'. सुपरवायझर माझे मेहुणे आहेत, कामाला एक नंबर, तोंडानं कडक. सगळे त्यांना दाजी म्हणतात. पगाराशिवाय माणसं टिकवायला आणि मनापासून कामाला लावायला काय करता येईल? आणि यंदा दिवाळीला काय द्यावं तेही सांगा."
– एक कारखानदार, कुपवाड (सांगली)

उत्तर:

सुरुवात पगारापासूनच करू. तो विषय टाळून बाकीचं काही केलंत, तर त्याचंही ब्लँकेट होईल. कुपवाडात आणि मिरज एमआयडीसीत तुमच्याच जातीची मशीनं असलेली तीन शॉप निवडा आणि दोन वर्षं अनुभवाच्या ऑपरेटरच्या हातात तिथं काय पडतं, ते काढा. तुम्ही त्यांच्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असाल, म्हणजे साधारण सोळा-सतराशे रुपयांनी, तर खालचं काहीही लागू पडणार नाही. सगळ्यांचं जमत नसेल तर ज्यांच्यावाचून मशीन उभं राहतं अशा पाच-सहा जणांचं तरी आधी करा. शेजाऱ्यांच्या बरोबरीनं देत असाल तर पुढं वाचा.

चाकणशी तुलना करू नका, ती पोरं स्वतःच करतात. तिथं साडेएकवीस हजार हातात आले असं धरा. वाटून घेतलेली खोली २,८००, मेस ३,५००, महिन्यात दोनदा गावी येणं-जाणं १,४००. उरले १३,८००. तुमच्याकडं साडेसोळातून पेट्रोलचे दीड हजार गेले तरी पंधरा हजार उरतात. (हे आकडे गेलेल्या पोरांना फोन करून ताजे करून घ्या.) तरीही पोरगा जातो, म्हणजे तो नुसत्या रुपयांसाठी जात नाही. लग्नाच्या बायोडेटात 'चाकणला कंपनीत' लिहिता येतं. तिथं सॅलरी स्लिप मिळते, तिच्यावर गाडीचं कर्ज होतं. दोन वर्षांनी आपण कोण असू, हे तिथं निदान कागदावर तरी दिसतं. तुमच्याकडं पाच वर्षांनीही तो 'तिसऱ्या मशीनवरचा पोरगा' असतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारलं होतं की कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. वाईटाच्या यादीत साहेबाची वागणूक, कंपनीचे नियम, पगार, कामाची जागा असं निघालं. बऱ्याच्या यादीत जमलेलं काम, त्याची दखल, जबाबदारी, पुढची पायरी. पहिल्या यादीतलं सुधारलं की कुरकुर थांबते, उमेद मात्र दुसरीतूनच येते, असं त्यानं मांडलं. त्याच्यावर टीकाही झाली: चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला घेतो आणि वाईट झालं की दोष साहेबावर टाकतो, त्यामुळं याद्या अशाच निघणार. शिवाय ते खुर्चीवरचे लोक होते, लेथवरचे नव्हते. पण तुमच्या पत्रापुरती ही वाटणी कामाची आहे. तुम्ही बक्षीस आणि ब्लँकेटं दिलीत, तेव्हा पहिल्या यादीतली कुरकुर तशीच शिल्लक होती.

ती कुरकुर आधी मिटवा. सुरुवात कागदांपासून. प्रत्येकाला लेटरहेडवर नेमणूक पत्र द्या, हुद्द्यासकट. २१ नोव्हेंबर २०२५ ला कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ते बंधनकारकच झालं आहे. दर महिन्याला छापील पगारपत्रक द्या. तुमची माणसं सव्वीस, म्हणजे पीएफ आणि ईएसआय दोन्ही लागू. पण कापलेलं दिसतं आणि मिळणारं दिसत नाही, अशी त्यांची अवस्था असते. ईएसआयमध्ये कामगाराचे ०.७५ टक्के जातात, तुमचे ३.२५. त्यात घरच्यांचंही औषधपाणी येतं, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात (आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते). पीएफ खात्याबरोबर विमा असतो, कमाल सात लाखांचा. हे किती जणांना माहीत आहे, सहज विचारून बघा.

एक दुपार काढा. अकाउंटंटला शॉपमध्ये बसवा आणि एकेकाच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून दाखवा, वारसाची ऑनलाइन नोंद करून घ्या. हमखास अडतं ते नावापाशी: आधारवर एक स्पेलिंग, पीएफला दुसरं, जन्मतारखेत वर्षाचा फरक. ते आत्ताच दुरुस्त करा. नोकरी सोडल्यावर पैसे अडकले की तो पोरगा गावभर तुमचंच नाव सांगतो.

पगार सात तारखेपर्यंत द्यायचा हा कायदा आहे, पण माणसाला हवा असतो ठरलेला दिवस. सात म्हणजे सात, दुपारी चारच्या आत. गिऱ्हाइकानं पैसे अडकवले आणि एखाद्या महिन्यात जमत नसेल तर पाच तारखेला स्वतः उभं राहून सांगा, कोणत्या दिवशी येतील तेही सांगा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, आणि त्याचे तास रोजच्या रोज वहीत, दोघांच्या सहीनं. महिनाअखेरीला आठवून लिहिलेल्या तासांवरून जेवढी मनं दुखावतात तेवढी कमी पगारानंही दुखावत नसतील.

संडास आणि चहा. तुमचा संडास वेगळा असेल तर आठवडाभर त्यांचा वापरा. चहा त्यांच्या पिंपातला प्या. बाकी सांगायची गरज नाही.

कूलंटकडं (धातू कापताना सोडतात त्या तेल-पाण्याच्या मिश्रणाकडं) मात्र नीट बघा, कारण आठ तास त्यांचे हात त्यात असतात. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला टाकीला कुजका वास येतो, तो साचलेल्या पाण्यात जंतू वाढल्याचा. मशीनचं स्लाइडवे ऑइल वर तरंगतं, हवा बंद होते आणि खाली सडतं. पोरांच्या बोटांच्या बेचक्यात खाज आणि चिरा पडतात. ती तक्रार करत नाहीत, फक्त रजा वाढतात. उपाय स्वस्त आहे. रिफ्रॅक्टोमीटर (मिश्रणात तेल किती ते दाखवणारं उपकरण) घ्या आणि आठवड्यातून दोनदा मिश्रण तपासा. सर्वसाधारण मशिनिंगला ५ ते ८ टक्के चालतं, पण रीडिंगला कूलंटच्या डब्यावर दिलेल्या गुणकानं गुणायचं, ते बहुतेक ठिकाणी राहून जातं. तरंगतं तेल रोज काढा. सुट्टीच्या दिवशी टाकीत मत्स्यालयातला छोटा हवेचा पंप सोडून ठेवला तरी वासात फरक पडतो. पातळी कमी झाली की नुसतं पाणी ओतू नका, पातळ मिश्रण करून ओता, आणि मिश्रण करताना पाण्यात तेल घाला, तेलात पाणी नको. बोअरचं पाणी जड असेल तर तेल फुटून वर येतं. तेवढ्यासाठी तरी गोडं पाणी वापरा.

एवढं झालं की कुरकुर कमी होईल. उमेदीसाठी पुढची दोन कामं करावी लागतील, आणि त्यांना वेळ लागतो.

पहिलं काम, ऑपरेटरला त्याच्या मशीनवर थोडा अधिकार देणं. समजा पंपाच्या हाउसिंगमध्ये २५ एच७ चा बोअर (काटेकोर मापाचं भोक) आहे. माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर, म्हणजे खेळायला २१ मायक्रॉन. इन्सर्ट (टूलवर बसवलेला कापणारा तुकडा) झिजतो तसा बोअर लहान होत जातो. ऑपरेटर दर दहाव्या जॉबला (नगाला) बोअर गेज घालतो: २५.०१०, मग २५.००६, मग २५.००२. काय करायचं ते त्याला कळतंय. पण ऑफसेटला (टूल किती सरकवायचं ते मशीनला सांगणाऱ्या आकड्याला) हात लावायचा नाही, असा नियम. दाजी पलीकडं व्हीएमसीवर, नाहीतर फोनवर गिऱ्हाइकाशी. पोरगा दोन हाका मारतो आणि सायकल स्टार्ट दाबतो. पुढच्या दहातले शेवटचे पाच जॉब २५ च्या खाली जातात आणि संध्याकाळी ते रिजेक्शन त्याच्या नावावर पडतं. दुसऱ्या दिवशी तो हाकासुद्धा मारत नाही. कारखान्यातली उमेद अशीच जाते, आणि मालकाला वाटतं पोरांना कामाची आच नाही.

नियम बदला. रीडिंग २५.००७ ते २५.०१५ च्या दरम्यान असेल तर हात लावायचा नाही. सलग दोन जॉब २५.००५ च्या खाली आले तर ऑपरेटरनं स्वतः एक्स वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेपुरती दुरुस्ती) द्यायचा, एका वेळी जास्तीत जास्त ८ मायक्रॉन. इन्सर्टच्या एका धारेवर एकूण २० मायक्रॉन झाले की धार बदलायची. त्यापलीकडं काही करावंसं वाटलं तर मशीन थांबवून सेटरला (मशीन जुळवून देणाऱ्याला) बोलवायचं. प्रत्येक ऑफसेटची नोंद मशीनवर लटकवलेल्या कागदावर: वेळ, आधीचं रीडिंग, किती दिला, पुढच्या जॉबचं रीडिंग, सही. ऑफसेटनंतरचा पहिला जॉब मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही.

इथं काय चुकतं तेही आधीच शिकवा. एक, प्रत्येक रीडिंगच्या मागं धावणं. दोन मायक्रॉन खाली दिसलं की दोन वर, मग पुन्हा खाली. अशानं माप स्थिर राहायच्या ऐवजी जास्तच हलतं. म्हणून मधला पट्टा मोकळा सोडायचा. दोन, गरम जॉब मोजणं. जॉब खोलीपेक्षा वीस अंश गरम असेल तर २५ मिलिमीटरचा बोअर पाच-सहा मायक्रॉन मोठा दिसतो. रीडिंग ठीक वाटतं, आणि थंड झाल्यावर जॉब खाली गेलेला असतो. हवेनं चिप्स उडवून जॉब लोखंडी टेबलावर थंड होऊ द्यायचा. मास्टर रिंगही (गेज जुळवायची ठरल्या मापाची रिंग) त्याच टेबलावर ठेवायची. तीन, बटणाची चूक. अनेक कंट्रोलवर 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट' अशी दोन बटणं असतात. पहिल्यानं जुना आकडा पुसून नवा बसतो, दुसऱ्यानं जुन्यात मिळवला जातो. पोरगा घाईत पहिलं दाबतो आणि आधीचे १२ मायक्रॉन गायब होतात. चार, दशांशचिन्ह. वेअर ऑफसेटला कंट्रोलमध्येच कमाल मर्यादा घालता येते. ती सेटरकडून बसवून घ्या, म्हणजे टिंब विसरलं तरी टूल चकवर जाणार नाही.

सुरुवात तिघांपासून करा. पहिले दोन महिने, नोंद पूर्ण असेल तर ऑफसेटमुळं गेलेला जॉब त्याच्या नावावर लावू नका. या एका वाक्यावर सगळं उभं आहे. दाजींनी पहिल्याच आठवड्यात "दिला अधिकार आणि घातला घोळ" म्हटलं की कागद कोरे राहायला लागतात. कागद कोरा दिसला की आधी दाजींना विचारा, पोराला नंतर.

दुसरं काम पुढच्या पायरीचं. ती भिंतीवर दिसली पाहिजे. याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात, बऱ्याच कारखान्यांत ऑडिटसाठी लॅमिनेट करून लटकवलेला असतो आणि तीन वर्षं कुणी त्याच्याकडं बघितलेलं नसतं. तुमचा तसा होऊ देऊ नका. डाव्या बाजूला नावं. वर कामं: लोडिंग आणि बर (कडेचे खरखरीत कंगोरे) काढणं; व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज; इन्सर्ट बदलणं आणि ऑफसेट; ड्रॉइंग वाचून पहिला जॉब काढणं; जॉ (जॉब पकडणारे चकचे जबडे) बोअर करून पूर्ण सेटिंग; प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती; आणि व्हीएमसीसाठी वेगळे दोन रकाने. प्रत्येक चौकोनात एक वर्तुळ, चार भागांचं. एक भाग भरला म्हणजे दुसऱ्याच्या देखरेखीत करतो. दोन, एकटा करतो पण तपासावं लागतं. तीन, एकटा करतो आणि तपासावं लागत नाही. चार, दुसऱ्याला शिकवू शकतो.

भाग भरायचा कसा, हे काटेकोर ठेवा. दाजींनी टेबलावर बसून भरला तर पोरं त्याला 'पाव्हण्यांचा तक्ता' म्हणतील, आणि ते खरंच असेल. त्यामुळं परीक्षा ठेवा. मोजमापासाठी पाच जॉब आधी तुम्ही बोअर गेजनं मोजून ठेवायचे, मग त्यानं मोजायचे; पाचही रीडिंग ३ मायक्रॉनच्या आत जुळली पाहिजेत. सेटिंगसाठी, आधीचं सेटिंग मोडलेल्या मशीनवर पहिला पास जॉब किती मिनिटांत आणि किती जॉब वाया घालवून काढला. तारीख लिहा. परीक्षा तीन महिन्यांनी एकदा, आणि नापास झाला तर काय कमी पडलं ते त्याच दिवशी सांगा. चौथा भाग तेव्हाच भरा, जेव्हा त्यानं शिकवलेला पोरगा परीक्षेत पास होईल. शिकवणाऱ्याला शिकवण्यासाठी वेळ लागतो, आठवड्याला दोन तास, आणि त्या वेळात त्याच्याकडून उत्पादनाचा आकडा मागायचा नाही. तो मागितलात तर कोणीही शिकवणार नाही.

तक्त्याला जोडून हुद्दे ठेवा: हेल्पर, ऑपरेटर, ऑपरेटर-सेटर, सेटर. ते पगारपत्रकावर छापा. बायोडेटात हेच जाणार आहे. आणि इथं एक कडू गोष्ट. पूर्ण सेटर झालेल्या पोराला ऑपरेटरच्याच पगारावर ठेवलंत, तर तुम्ही चाकणसाठी त्याचं प्रमाणपत्रच तयार करून दिलं. त्यामुळं प्रत्येक हुद्द्याला थोडी तरी रक्कम जोडा, सहाशे-आठशे का होईना. सरसकट वाढीपेक्षा ही कितीतरी कमी पडते, कारण वर्षाला चार-पाच जणच पायरी चढतात.

वरच्या पायरीवरच्यांना एकदा गिऱ्हाइकाच्या असेंब्लीवर घेऊन जा. २५ चा बोअर २५.०२१ च्या वर गेला की त्यात बेअरिंग कसं ढिलं बसतं आणि पंप कसा आवाज करतो, हे एकदा कानानं ऐकलं की ड्रॉइंगवरचा आकडा त्याच्यासाठी नुसता आकडा राहत नाही.

आता तुमच्याकडं आयतं असलेलं भांडवल. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना थाटला तेव्हा माणसं टिकवायला त्यांना शेजारी वसाहतच उभी करावी लागली. आपण तिला किर्लोस्करवाडी म्हणतो. तुमची पोरं तर सावळी, तानंग, बुधगाव, मालगावातून घरचा डबा घेऊन येतात. घरी राहणं हाच तुमचा सगळ्यात मोठा फायदा, आणि नेमका तोच तुम्ही वाया घालवता, कारण गावाला त्यांची गरज असते त्या दिवशी रजा नाकारता. मग ती न सांगता राहतात.

गुढीपाडव्याच्या आसपास एक मोठा कागद लावा. प्रत्येकानं आपल्या गावची जत्रा, सासुरवाडीची जत्रा, बेंदूर, घरच्या द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, बेदाण्याचे दिवस, ऊसतोड जे काही असेल ते लिहायचं. त्यातले वर्षाला चार दिवस त्यानं 'कुलूपबंद' करायचे, दीड महिना आधी. ते नाकारायचे नाहीत. एका पाळीतून एका दिवशी चारच जण. जास्त झाले तर आपसात अदलाबदल करू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. त्या दिवशी त्याचं मशीन कोण चालवणार, याचं उत्तर भिंतीवरच्या तक्त्यात असतं: ज्याचे तिथं तीन भाग भरलेत तो. वीस दिवस कामामागं एक दिवस भरपगारी रजा हा हक्क आहेच, त्यातूनच हे दिवस जातात. वेगळा खर्च नाही. हे मोडतं एकाच कारणानं: डिस्पॅच अडला म्हणून मालक एकाचा कुलूपबंद दिवस रद्द करतो. अगदीच नड असेल तर त्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर विषय संपला.

पाळीचं वेळापत्रकही पंधरा दिवस आधी लावा. आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी "उद्यापासून रात्रपाळी" म्हणू नका.

पावसाळ्याचा नियमही आत्ताच लिहून ठेवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. चाळीसला पाणी पोचलं की सांगलवाडी, हरिपूर, अंकली अशा नदीकाठच्या पोरांना सामान हलवायला दोन दिवस सुट्टी, गैरहजेरी न लावता. २०१९ चा ऑगस्ट कोणी विसरलेलं नाही. अशा वेळी मालक काय म्हणाला, हे दहा वर्षं लक्षात राहतं.

दाजींबद्दल. कडक असण्याला हरकत नाही, जोवर कडकपणा जॉबबद्दल आहे. शॉपच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडणं, जुनी चूक नव्या चुकीत मिसळणं, आणि वाया गेलेल्या जॉबचा फोटो नावासकट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं, हे बंद झालं पाहिजे. तो फोटो पोराच्या बायकोनंही बघितलेला असतो. ग्रुप फक्त पाळी आणि मालाच्या निरोपांसाठी ठेवा. चूक झाली की जॉब हातात घेऊन मशीनपाशी जायचं, "कुठपर्यंत बरोबर होतं?" हा पहिला प्रश्न, आणि निघताना पुढच्या जॉबला काय करायचं ते ठरवून निघायचं. दाजींना हे सांगताना घरी जेवणाच्या ताटावर सांगू नका, नाहीतर तो तुमच्या बहिणीचा विषय होतो. शॉपच्या ऑफिसात, दोघेच, आणि सुरुवात त्यांच्या त्रासापासून: दिवसाला किती वेळा त्यांना ऑफसेटसाठी बोलावलं जातं ते मोजायला सांगा. नव्या नियमानं त्या हाका कमी होतात, त्यामुळं ते स्वतःच तुमच्या बाजूला येण्याची शक्यता बरी आहे. पोरांसमोर त्यांचा शब्द मात्र कधी खाली पाडू नका.

सूचनापेटी लावू नका. कुलूप लावलेल्या पेटीत दोन चिठ्ठ्या आणि एक तंबाखूची पुडी सापडते. त्याऐवजी भिंतीवर एक कागद: तारीख, नाव, काय हवं, कोण करणार, कधी, झालं की नाही. सात दिवसांत उत्तर, 'नाही' असलं तरी कारणासकट. पाचशे रुपयांपर्यंतचं काम दाजींनी तुम्हाला न विचारता करून टाकायचं: ट्रेची उंची वाढवणं, गेज टांगायला हूक, पायाखाली लाकडी फळी. पहिल्या महिन्यात पंखा आणि पाण्याच्या तक्रारी येतील, त्यांना हसू नका. कामातल्या सूचना त्यानंतर येतात.

'उत्कृष्ट कामगार' फसला त्याचं कारण सोपं आहे. सव्वीस माणसांत चौथ्या महिन्याला निवड पाळीपाळीनं व्हायला लागते आणि ते सगळ्यांना कळतं. शाबासकी द्यायची तर त्याच दिवशी, पाळी सुरू होताना फळ्यापाशी सगळे उभे असतात तेव्हा, आणि नेमकी: "काल रात्री तिसऱ्या मशीनवर कास्टिंगला भोक दिसल्यावर यानं अख्खा लॉट बाजूला काढला, गिऱ्हाइकाकडं गेला असता तर परत आला असता." फोटो नको, प्रमाणपत्र नको. ही उभ्या-उभ्या बैठक सात मिनिटांची ठेवा आणि ती पाळीच्या वेळेत धरा.

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या महिन्यात कागद, पगाराचा दिवस, कूलंट. दुसऱ्यात ऑफसेटचा नियम आणि दाजींशी बोलणं. तक्ता तिसऱ्या महिन्यापासून. वहीत तीन आकडे ठेवा: न सांगता झालेल्या रजा, लागल्यापासून नव्वद दिवसांत सोडून गेलेले, आणि दर हजार जॉबमागं रिजेक्शन. पहिला आकडा सगळ्यात आधी हलतो. चाकणला जाणारे पूर्ण थांबणार नाहीत. जाणाऱ्याला अनुभवाचं पत्र आणि हिशेब वेळेत द्या, आणि दोन महिन्यांनी फोन करून विचारा की नेमकं काय नको झालं होतं. जाताना कोणी खरं सांगत नाही. लग्न झाल्यावर किंवा घरी म्हातारं माणूस आजारी पडल्यावर त्यातले काही परत येतात, आणि ते शिकून आलेले असतात.

राहिली दिवाळी. बोनस ही भेट नाही, २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला किमान ८.३३ टक्के द्यायचाच असतो. तो भेटीसारखा हातात ठेवून फोटो काढू नका. भेटीसाठी नवरात्राच्या आधी फळ्यावर तीन गोष्टी लिहा, सारख्याच किमतीच्या: प्रेशर कुकर, पोरांच्या दप्तर-वह्यांचा संच, किराण्याचं कुपन. ज्यानं त्यानं नावापुढं खूण करायची. आणि वाटप वसुबारसेच्या आधी उरका. पाळी सुटल्यावर बसस्टँडला पळणाऱ्या माणसाच्या हातात कुकरचं खोकं देऊ नका.